ठरावावर सह्या सगळ्यांच्या

प्रश्न असा आहे: "आमच्या संस्थेला गडचिरोलीच्या धानोरा-एटापल्ली पट्ट्यात 'महिला शांतता नेतृत्व' नावाचा तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला आहे. बारा गावं घ्यायची, प्रत्येक गावातून एक महिला नेता निवडायची आणि तिला प्रशिक्षण द्यायचं. मी समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच रुजू झाले आहे. या भागातल्या बाया एकमेकींना आधार देण्याचं काम नेमकं कसं करतात? आम्ही सुरुवात कुठून करावी? आणि नक्षल चळवळ ओसरत असताना आता याची गरज उरली आहे का?"

'प्रत्येक गावातून एक महिला नेता' ही ओळ प्रकल्पाच्या कागदातून काढता आली तर आधी ती काढा. निधी देणाऱ्यांना ती ओळ फार आवडते. तिचा फोटो निघतो, मुलाखत होते, तिसऱ्या वर्षी ती दिल्लीच्या परिषदेत बोलते. पण या जिल्ह्यात जी माणसं एकेकटी उठून दिसली त्यांचं पुढे काय झालं, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. कुणी पोलीस पाटील होता, कुणी सरपंच, कुणी चार बुकं शिकून आलेला मुलगा. 'खबरी' ठरवून मारायचं आणि बाजूला पत्रक टाकून जायचं, ही इथली जुनी रीत. दुसरीकडे जंगलातल्या दादालोकांना, म्हणजे नक्षल्यांना, जेवण दिलं म्हणून चौकशीला नेलेले आणि नागपूर-चंद्रपूरच्या तुरुंगात खटल्याची वाट बघत वर्षं काढलेलेही याच गावांतले. रात्री बंदूक घेऊन दारात आलेला माणूस भात मागतो तेव्हा कोण नाही म्हणणार? सकाळी दुसरी बंदूक येते आणि विचारते, भात कुणी दिला?

कोरची, कुरखेडा, धानोरा आणि थोडाफार एटापल्ली अशा भागात बचत गट आणि ग्रामसभांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. त्यावरून ठामपणे सांगते की इथे बायांचं पुढारपण टिकलं ते त्याला एकटीचा चेहरा नव्हता म्हणून. निर्णय घेतला कुणी? गटानं. अर्ज कुणाचा? ग्रामसभेचा. तहसील कचेरीत कोण गेलं? आम्ही सगळ्या. बाहेरून आलेल्या माणसाला हा भित्रेपणा वाटतो, किंवा 'अजून यांचं सक्षमीकरण व्हायचं आहे' असं वाटतं. ती त्यांची कामाची पद्धत आहे, आणि पुष्कळ अनुभवातून आलेली.

हा अनुभव कुठून आला ते थोडक्यात सांगते. जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपूरचे तुकडे करून. त्याच सुमारास आंध्रातून सशस्त्र दलं नदी ओलांडून इकडे आली. तेंदूपत्त्याची मजुरी आणि वनखात्याचा जाच हे प्रश्न खरे होते, त्यामुळे त्यांना पाय रोवायला वेळ लागला नाही. पुढची चाळीस वर्षं गाव दोन्हीकडून तोलला जात राहिला. याच काळात, १९८७-८८ पासून, दारूविरोधी चळवळ उभी राहिली. तिच्यात बाया हजारोंनी उतरल्या आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. बंदी कितपत पाळली गेली हा वेगळा वाद आहे. चोरटी दारू येतच राहिली, म्हणून तर २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी अभियान सुरू करावं लागलं. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. नवऱ्याच्या हातची बाटली काढून घेणं, या गोष्टीला उघडपणे विरोध करणं ना पोलिसांना शक्य होतं ना जंगलातल्यांना. बायांना तिथे पहिल्यांदा कळलं की काही विषय असे असतात ज्यावर आपण शंभर जणी रस्त्यावर उभ्या राहिलो तरी आपल्याला कुणी कुठल्या बाजूचं म्हणू शकत नाही.

मग त्यांनी तसेच विषय धरले. धान, बाळंतपण, रेशन, विधवेचा पगार, कोर्टाची तारीख. वर्तमानपत्राला बातमी वाटणार नाही असे. तुमच्या प्रकल्पाच्या भाषेत याला 'शांतता' म्हणता येईल की नाही मला माहीत नाही. गावात तो शब्द मी कुणा बाईच्या तोंडून ऐकलेला नाही.

धान्य बँकेपासून सांगते. हंगामात प्रत्येक घरून दोन-चार पायल्या धान गटाकडे जमा होतं. पावसाळ्यात, जुनं संपलेलं आणि नवं अजून शेतात असतं तेव्हा, ते उचल म्हणून दिलं जातं आणि पीक आलं की थोड्या वाढीनं परत येतं. सावकाराच्या दीडपट-दुपटीपुढे ही वाढ काहीच नाही. यात बघण्यासारखं काय, तर उचल देताना घरातला माणूस कुठे आहे हे विचारलं जात नाही. कुणाचा मुलगा नक्षल्यांच्या दलात गेलेला असतो, कुणाचा सी-६० या पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकात कमांडो असतो, कुणाचा नवरा तुरुंगात. सी-६० ची भरती याच जिल्ह्यातल्या पोरांतून होते हे बाहेरच्यांना पटकन लक्षात येत नाही. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर आणि त्यालगतच्या चकमकींत ४० नक्षलवादी मारले गेले. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. दोन्हीकडे रडणाऱ्या आया गोंडी-माडियात किंवा आपल्या झाडीबोलीतच रडत होत्या. अशा दोन घरच्या बाया एका गटात बसतात, महिन्याच्या बैठकीला शेजारी बसतात आणि हप्ता भरतात. एकमेकींशी बोलतीलच असं नाही, पण बैठक सोडून कुणी जात नाही. एवढ्यालाच मी फार मोठं काम समजते.

बाळंतपणाचं तर पूर्ण वेळापत्रक असतं. आशाताईच्या वहीत तारीख असतेच, पण गट त्या तारखेशेजारी आणखी दोन गोष्टी बघतो. एक पाऊस: भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की पलीकडची गावं तुटतात, आणि लहान नाले तर सगळ्याच तालुक्यांत वाट अडवतात. दुसरी गोष्ट सप्ताह. २८ जुलै ते ३ ऑगस्ट आणि २ ते ८ डिसेंबर हे नक्षल्यांचे सप्ताह. या दिवसांत झाडं पाडून रस्ते बंद व्हायचे, एसटी थांबायची, खासगी गाडीवाला दुप्पट पैसे दिले तरी यायचा नाही. ज्या बाईचे दिवस या आठवड्यात किंवा पुराच्या तोंडावर भरतात तिला आधीच आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात नेऊन ठेवायचं, बरोबर कोण राहणार, घरी तिच्या थोरल्या पोरांना कोण बघणार, शेळ्या कोण चारणार, हे सगळं गटात ठरतं. माहेरघर ही शासनाची योजना आहे आणि चांगली आहे. पण बाई तिथे जाऊन राहू शकते ती मागे शेळ्या सांभाळणारी शेजारीण असते म्हणून. नाहीतर खाटेची कावड करून चार माणसांनी जंगलातून न्यायचं, तेही रात्री, जेव्हा कुठल्याही बाजूची गोळी विचारून येत नाही.

आरोग्याच्या कामाला इथे दोन्हीकडून थोडी सूट मिळते, ती आधीच्या लोकांनी कमावलेली आहे. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना आरोग्यदूत केलं आणि घरीच नवजात बाळाची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यूंमध्ये ६२ टक्के घट नोंदली होती. कुरखेड्याच्या 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' या संस्थेनं बायांच्या गटांचे परिसर संघ बांधले. औषधाची पेटी घेऊन जाणारी बाई कुणाला नको असत नाही. पण याच पेटीमुळे ती अडचणीतही येते. औषध मागायला कुणीही येऊ शकतं. म्हणून कित्येक गावांत पेटीची वही महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर वाचली जाते: किती गोळ्या आल्या, किती गेल्या, कशासाठी. त्या बाईला वाचवायला या वहीसारखी दुसरी गोष्ट नाही. तुमच्या कार्यकर्तीकडे कुठलीही वस्तू साठवायला द्याल तर तिची वही अशी उघडी राहील हे पहिल्या दिवसापासून बघा.

आता कागदपत्रांकडे येते, कारण माझ्या मते बाहेरच्या माणसाचा सगळ्यात जास्त उपयोग इथे होतो. नवरा मारला गेला की बाईवर पहिलं संकट दुःखाचं असतं आणि दुसरं दाखल्याचं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. त्यानंतर विलंब शुल्क, महिना उलटला की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. हिंसेत गेलेल्या माणसाच्या घरी २१ दिवस कुणी ग्रामपंचायतीत जाण्याच्या मनःस्थितीत नसतं, आणि भीतीही असते. नक्षल्यांनी मारलेल्याच्या कुटुंबाला शासनाची मदत असते, पण तिला गुन्ह्याची नोंद लागते, आणि ती नोंद करणं म्हणजे पोलीस मदत केंद्राची पायरी चढणं. ज्याचं प्रेतच मिळालं नाही त्याच्या बायकोला तर कायद्यानं सात वर्षं बेपत्ता राहिल्यावरच मृत्यू गृहीत धरून मिळतो. तोवर ती ना सधवा, ना विधवा, ना रेशनकार्डावर प्रमुख.

अनुभवी गट काय करतात? माणूस गेला की तेराव्याच्या आत दोन-तीन जणी जाऊन ग्रामपंचायतीत नोंद करून घेतात. त्या बाईला नेत नाहीत, तिच्या घरचा एखादा वडीलधारा बरोबर घेतात. मग संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. घर दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि जाणारा कमावता १८ ते ५९ वयाचा असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार. या दोन योजनांत माणूस कसा मेला हे सिद्ध करावं लागत नाही, आणि बायांनी नेमकं हेच हेरलं आहे. ज्या कागदावर 'कुणी मारलं' हा रकाना नाही तो कागद आधी करायचा. ज्या कागदावर तो रकाना आहे तो नंतर, बाई स्वतः तयार झाली तर, आणि ग्रामसभेच्या ठरावासह. ही युक्ती मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवली नव्हती. मी ती त्यांच्याकडून घेतली.

तुरुंगातल्या माणसाच्या घरचंही तसंच. म्हाताऱ्या आईला नागपूरला मुलाखतीला जायचं तर भाडं, सोबत आणि मराठी-हिंदी बोलू शकणारी एक बाई लागते. गट वर्गणी काढतो. तुम्ही इथे एक साधी गोष्ट सांगू शकता: विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला, अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोठडीत असलेल्याला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे न बघता. हे गावांत फार कमी जणींना माहीत असतं. मात्र वकील चांगला मिळेल याची हमी देऊ नका.

इतकं सगळं करूनही कुणाचं नाव पुढे येत नाही ते ठरावामुळे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. त्यामुळे पाडा-टोलाही आपली ग्रामसभा म्हणवून घेऊ शकतो. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांनुसार सामूहिक हक्काच्या ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो. माझ्या डोळ्यांसमोर या नियमानं जेवढं केलं तेवढं कुठल्याही 'जेंडर' प्रशिक्षणानं केलं नाही. पूर्वी सभेला बाया का आल्या असं कुणी विचारलं तर उत्तर नसायचं. आता कायदाच सांगतो म्हणून याव्या लागतात. पाटील, गायता म्हणजे गावचा पुजारी, घरचा माणूस, पोलीस, जंगलातले, कुणीही विचारो, उत्तर तेच. आणि एकदा आल्या की बोलतातच.

लेखा-मेंढ्याचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातलं अगदी सुरुवातीचं गाव, आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देणारं. तिथे निर्णय सर्वसहमतीनं होतात, बहुमतानं नाही. लोक याचं तात्त्विक कौतुक करतात. मला त्यात सुरक्षेची बाजूही दिसते. सर्वसहमतीच्या निर्णयात विरोधात कोण होतं आणि बाजूनं कोण, याची यादीच होत नाही. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली. तिथे प्रत्येक गावातून प्रतिनिधी घेताना बायाही घेतल्या जातात. झेंडेपारच्या डोंगरावरच्या खाणीला तालुक्यातल्या गावांनी जो विरोध केला त्यातही बाया होत्या, पण विरोध कागदावर ग्रामसभांचा होता.

पैशाच्या बाबतीत ही सावधगिरी आणखी कडक लागते. इथे रोख पैसा हातात येतो तो मे महिन्यात, तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी. ७० पानांचा एक पुडा. पहाटे तीन-चारला जंगलात जाऊन पानं आणायची, दुपारभर पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. पुडे बांधणारे हात बहुतेक बायांचेच. पूर्वी ठेकेदार दादालोकांना वाटा पोचवायचा हे उघड गुपित होतं. ग्रामसभांनी लिलाव स्वतः करायला सुरुवात केल्यावर पैसा ग्रामसभेच्या खात्यावर येऊ लागला, आणि मग धोकाही तिकडे सरकला. खात्यावर सही कुणाची? ज्याची सही त्याच्या दारात रात्री कोण येईल? काही गावांत बायांनी असं लावून धरलं की पैसा आला त्याच आठवड्यात सगळा वाटून खात्यावर शिल्लक नावापुरती ठेवायची, मजुरी ज्या बाईची तिच्याच खात्यात टाकायची आणि हिशेब फळ्यावर खडूनं लिहून ठेवायचा. रिकामं खातं कुणी मागायला येत नाही. तुमच्या प्रकल्पात गावपातळीवर मोठा 'फिरता निधी' ठेवायची कल्पना असेल तर याच कारणासाठी दोनदा विचार करा.

बाया बोलतात कुठे, हे विचारणं तुम्ही कदाचित विसराल, म्हणून सांगते. ग्रामसभेत त्या ठरलेलं बोलतात. ठरतं ते आधी, आणि ते पाण्यावर, मोहफुलं वेचताना आणि कुर्माघरात. कुर्माघर, म्हणजे पाळीच्या दिवसांत बाईनं राहायची गावाबाहेरची झोपडी, हा अन्यायच आहे. साप-विंचवांनी, थंडीनं, उपचाराला उशीर होऊन त्यात बाया गेल्या आहेत. मी ते बंद व्हावं या मताची आहे. पण हेही खरं की त्या झोपडीत कुठलाच पुरुष येत नाही, घरचाही नाही आणि बंदूकवालाही नाही. दोन घरांत बोलणं बंद असलेल्या बाया तिथे एका चुलीवर शिजवतात. प्रशासनानं काही गावांत 'महिला विसावा केंद्र' म्हणून पक्की घरं बांधली तेव्हा आमच्यात वाद झाले: सोय केली की प्रथा पक्की केली? या वादाचा निकाल मला अजून लागलेला दिसत नाही. तुम्ही नव्या आहात, पहिल्याच वर्षी कुर्माघर मोडा म्हणून मोहीम काढू नका. आधी तिथे कोण काय बोलतं ते कळू द्या, आणि ते तुम्हाला माडिया-गोंडी आल्याशिवाय कळणार नाही. दुभाष्या म्हणून गावातला तरुण मुलगा घेतलात तर फक्त त्याच्यासमोर सांगण्याजोगं तेवढंच ऐकाल.

पोलिसांशी कसं वागायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पहिल्या महिन्यातच तो तुमच्यापुढे येईल. पोलीस मदत केंद्रावर जनजागरण मेळावे होतात, शिलाई मशीन, बियाणं, भांडी वाटली जातात, दाखले काढून दिले जातात. यातलं पुष्कळ उपयोगी असतं आणि गरज असलेली बाई ते का नाकारेल? गटांचा अलिखित नियम असा की जायचं तर सगळ्यांनी, दिवसाउजेडी, आणि आणलेली वस्तू सगळ्या गावाला दिसेल अशी. एकटीला बोलावणं आलं तर दोघी-तिघी जातात. जंगलातून निरोप आला तरी हाच नियम. नक्षल गावबंदीचे ठराव २००३ पासून झाले. काही गावांनी मनापासून केले, काहींनी निधीसाठी, काहींनी दबावानं. अशा ठरावाच्या वेळी बायांचा गट म्हणून वेगळी भूमिका घ्यायची नाही, ग्रामसभा ठरवेल तेच, हे त्यांनी बहुतेक ठिकाणी पाळलं. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २००५ नंतर सलवा जुडुमच्या नावानं सामान्य माणसांना नक्षल्यांविरुद्ध एका बाजूनं उभं केलं गेलं तेव्हा गावंच्या गावं उठली. त्यातले कितीतरी लोक सीमेवरच्या आपल्या नातेवाइकांचे नातेवाईक होते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो प्रकार बेकायदा ठरवला, पण गेलेली गावं न्यायालयाच्या आदेशानं परत बसत नाहीत. इथल्या बायांना ते निकालपत्र माहीत नाही, नातेवाईक माहीत आहेत.

मणिपूरच्या मैरा पैबी गटांतल्या बाया मशाली घेऊन रस्त्यावर उभ्या राहतात, नागालँडमध्ये नागा मदर्स असोसिएशन १९८४ पासून उघडपणे दोन्ही बाजूंशी बोलत आली. तुमच्या प्रशिक्षकांनी ही उदाहरणं आणली असतील. ती मोठीच आहेत, पण तिथे बाईमागे सगळा समाज एका ओळखीनं उभा असतो. गडचिरोलीत विखुरलेले पन्नास-साठ घरांचे टोले आहेत. इथे मशाल पेटवणारी बाई आधी मशालीच्या उजेडात दिसते.

बिनचेहऱ्याच्या या पद्धतीची किंमतही आहे, ती झाकून ठेवत नाही. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कधीकधी कुणाचीच नाही. हिशेबात गोंधळ झाला तर पकडायचं कुणाला? घरात मार खाणारी बाई गटाच्या 'आम्ही'मध्ये हरवते. जादूटोण्याच्या संशयानं एखाद्या म्हातारीवर गाव उठतं तेव्हा गट गावाविरुद्ध जात नाही, उलट कधी गावाबरोबरच असतो. अशा वेळी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव घ्यायला बाहेरचं माणूसच लागतं, आणि ते तुम्ही घ्यायला हवं, गट नाराज झाला तरी. एकी राखणं आणि एकटीला वाचवणं यांत निवड करायची वेळ आली तर मी एकटीच्या बाजूनं उभी राहीन. माझ्या ओळखीतल्या काही जुन्या कार्यकर्त्यांना हे पटत नाही.

आता कामाचं. सुरुवातीचे सहा महिने नवीन गट काढू नका. शासनाच्या 'उमेद' अभियानाचे बचत गट, ग्रामसंघ, आशा, अंगणवाडी, ग्रामसभेची समिती असं जे आहे ते ओळखा. निवड गावाला करू द्या आणि एकीऐवजी पाच जणी पाठवायला सांगा, दर वेळी वेगवेगळ्या आल्या तरी चालेल. निधी देणाऱ्यांना हे पटवणं तुमच्या वरिष्ठांचं काम आहे. 'नेतृत्वगट' असा शब्द घातला की बहुतेक जण मान्य करतात. फोटो काढाल तर समूहाचा काढा, गावाचं नाव आणि तारीख न लिहिता. अहवालातली 'यशोगाथा' नाव बदलून लिहिली तरी गावातल्या सगळ्यांना कोण ते कळतं, त्यामुळे नाव बदलणं पुरेसं नाही, प्रसंगच बदलावा किंवा गाळावा लागतो. पोलिसांच्या गाडीतून प्रवास नको, कुणाचंही पाकीट किंवा निरोप नेणं नको, फोनवर 'आत्ता कुठे आहे' हे दाखवणारी सोय बंद. तुमच्या वहीत कुठल्या घरातलं कोण कुठे गेलं आहे याची नोंद करूच नका. ती माहिती तुम्हाला लागत नाही, आणि तुमची वही कधीतरी कुणाच्या तरी हातात पडेलच. प्रशिक्षणाच्या तारखा ठरवताना मार्च-एप्रिलचा मोह, मेचा तेंदू, जुलैची रोवणी आणि नोव्हेंबरची कापणी सोडा. मग वर्षात किती दिवस उरतात ते मोजा आणि तुमचं उद्दिष्ट तेवढ्यावर आणा.

राहिला शेवटचा प्रश्न. चळवळ ओसरते आहे हे खरं. १५ ऑक्टोबर २०२५ ला नक्षल्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपतीनं ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याची बायको ताराक्कानं ठेवली होती. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरीच्या रस्त्यावर एसटी धावू लागली. गोळीची भीती कमी झाली, आणि त्याचा आनंद बायांच्या बोलण्यात मला रोज ऐकू येतो. पण जे प्रश्न जुनेच होते ते जागेवर आहेत, आणि खनिजाच्या ट्रकांबरोबर नवे आले आहेत: धूळ, अपघात, बाहेरचे मजूर, रस्त्याकडेची दारू, जमिनीचे दलाल. पूर्वी खाणीबद्दल बोललं की 'जंगलातल्यांची माणसं' असा शिक्का बसायचा. जंगलातले गेल्यावरही तो शिक्का कुणाच्या कपाटात आहे, हे पुढच्या दोन-चार वर्षांत कळेल. म्हणून ठरावाची सवय आत्ता सोडायची वेळ नाही.

आणि परत येणाऱ्या बाया. दलात गेलेल्या मुली सोळा-सतराव्या वर्षी गेल्या, आता चाळिशीत आहेत. काही गडचिरोलीतच वसाहतीत राहतात, काहींना गावी यायचं आहे. त्यांना रोवणी विसरायला झाली आहे, रेशनकार्ड नाही, लग्न दलातच झालं ते गावाला मान्य नाही. जिचा नवरा दलानं मारला ती बाई त्याच टोल्यात राहते. शासनाच्या पुनर्वसन योजनेत पैसे आहेत, घर आहे, प्रशिक्षण आहे. गटाच्या बैठकीत चटईवर जागा कोण देणार याची तरतूद कुठल्याच योजनेत असू शकत नाही. काही गटांनी यावर बोलणं सुरू केलं आहे, अजून अर्धवट आहे. सध्या जिथे जमलं तिथे असं जमलं की परत आलेल्या बाईला आधी धान्य बँकेत धरलं: तिनं दोन पायल्या आणायच्या, तिची उचल इतरांसारखीच. बचतीचा हप्ता आणि सभासदत्व पुढच्या हंगामापर्यंत थांबवलं, म्हणजे ज्यांना तिच्याशेजारी बसणं अवघड आहे त्यांना वेळ मिळाला. तुमच्या बारा गावांत अशी घरं किती आहेत याचं सर्वेक्षण करायला तुम्हाला सांगितलं जाईल. करू नका. वर्षभर पुडे मोजायला, अर्ज भरायला, माहेरघरात सोबतीला बसायला गेलात तर कुठल्या घरी काय लागतं ते बायाच सांगतील.